एकाच देहाची मापं

मननासाठी वस्तू निवडायची तर काही ठरलेल्या आहेत: समईची ज्योत, वाहतं पाणी, स्वतःचा श्वास. आज समोर बंदूक ठेवू. खरी नको, छायाचित्रही नको. ‘बंदूक’ म्हटल्यावर मनात आपोआप जो घाट उभा राहतो, तेवढा पुरे.

निवांत बसा. सावकाश वाचा आणि थांबायला सांगितलं की खरंच थांबा. बंदुकीबद्दल प्रत्येकाच्या मनात काहीतरी आधीच असतं. धाक असेल, तिटकारा असेल, कुतूहल असेल, घरातलं कोणी फौजेत असेल तर अभिमानही असेल. ते पुसून टाकायचा खटाटोप करू नका. ते आहे एवढं ओळखा आणि पुढे चला.

सोबत एकच प्रश्न घेऊ: हा भाग कोणाच्या शरीरासाठी घडवला आहे? एकेका भागापाशी जाऊन तो विचारायचा. उत्तरं नुसती जमवत राहायची. त्यांची बेरीज शेवटी.

सावली

मनातल्या बंदुकीचा रंग काढून टाका. पोलादाची चकाकी काढा, लाकडाचा तांबूसपणा काढा. नुसती काळी सावली उरू द्या.

बहुतेकांच्या मनात जी सावली उरेल, तिच्या पोटाखालून पुढे वळलेली एक कमान निघत असेल. ती एके-४७. अनेक मराठी घरांत ही आकृती पक्की झाली ती नोव्हेंबर २००८ मध्ये. मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये सेबॅस्टियन डिसूझा यांनी टिपलेलं हल्लेखोराचं ते छायाचित्र आपण सर्वांनी पाहिलं आहे. पाठीवर सॅक, हातात ती वळलेली सावली. ते चित्र आत्ता मनात आलं असेल तर त्याला हाकलू नका. आपण त्याच्यापाशी परत येणार आहोत, पण वेगळ्या वाटेनं.

ही सावली जगभर ओळखीची आहे. मोझांबिकच्या राष्ट्रध्वजावर १९८३ पासून ती आहे, उघड्या पुस्तकावर कुदळीला छेद देऊन ठेवलेली. झेंडा लांबून पाहायचा असतो, वाऱ्यावर हलत असताना पाहायचा असतो. तरीही ती बंदूक ओळखू येते, ती त्या एका कमानीमुळे.

आता त्या कमानीवर नजर ठेवा. ती तशी का आहे?

तिच्यात भरायचं काडतूस निमुळतं आहे. मागे जाड, पुढे बारीक. वाड्याच्या दरवाजावरच्या कमानीतले दगड एका अंगाला थोडे अरुंद घडवलेले असतात, म्हणून एकाला एक लावत गेलं की ओळ आपोआप वळते. इथेही तेच. तीस निमुळती काडतुसं एकमेकांवर रचली की रांग वाकते, आणि ती रांग ज्या डब्यात ठेवायची तो डबाही वाकतो. काडतूस निमुळतं ठेवलं, कारण गोळी सुटल्यावर रिकामं टरफल नळीच्या मागच्या भागातून सहज सुटून यावं, अडकू नये. डौल म्हणून कोणी ती वळवलेली नाही.

तरीही डोळ्याला तो वाक आवडतो. इथे थांबा. आवडला असेल तर ते नाकारू नका. गरजेतून आलेला आकार माणसाच्या नजरेला पटतो. होडीचा पटतो, नांगराचा पटतो, आणि याचाही. लंडनच्या डिझाइन म्युझियमने २०११ मध्ये ही बंदूक आपल्या संग्रहात घेतली ती याच पटण्याची दखल म्हणून. २००५ मध्ये फिलिप स्टार्क या फ्रेंच कलावंताने ‘फ्लॉस’ या इटालियन कंपनीसाठी सोन्याचा मुलामा दिलेल्या बंदुकांचे दिवे केले. एके-४७ चा दिवा टेबलावर ठेवायचा, पिस्तुलाचा पलंगाशेजारी. वर काळी छत्री आणि तिच्या आतल्या बाजूला मृतांसाठी क्रूसांच्या खुणा. घाट आवडणं आणि घाटानं काय केलं ते आठवणं, या दोन्ही गोष्टी एकाच मनात राहू शकतात. आपल्यालाही आज तेवढंच करायचं आहे.

पत्रा

सावलीत आता धातू भरा.

मिखाईल कलाश्निकोव्ह १९१९ साली अल्ताई प्रदेशातल्या कुर्या गावी शेतकरी घरात जन्मला. १९३० मध्ये त्याच्या कुटुंबाला सैबेरियात हद्दपार केलं गेलं. पुढे तो रणगाड्यावर कमांडर झाला, १९४१ मध्ये ब्र्यान्स्कच्या लढाईत जखमी झाला आणि रुग्णालयाच्या खाटेवर बंदुकीच्या रचनेचा विचार करू लागला. १९४९ मध्ये सोव्हिएत सैन्यानं त्याची बंदूक स्वीकारली. तिचा मधला भाग, ज्यात सगळी यंत्रणा बसते, तो सुरुवातीला पत्रा ठोकून करायचा होता. ते नीट जमेना, फार नग बाद होऊ लागले, म्हणून काही वर्षं अख्ख्या पोलादी ठोकळ्यातून कोरून काढावा लागला. १९५९ च्या एकेएम या सुधारित आवृत्तीपासून पुन्हा पत्रा आला, एक मिलिमीटर जाडीचा, आणि बंदूक बरीच हलकी झाली. त्या पत्र्यावरचे रिव्हेट डोळ्यांना सरळ दिसतात. कोणी ते लपवलेले नाहीत.

आतल्या हलत्या भागांमध्ये मोकळी जागा ठेवलेली आहे. चिखल, वाळू, बर्फ, काजळी आत शिरली तरी भाग अडत नाहीत. नेमाची बारीक अचूकता थोडी सोडून दिली आणि भरवसा घेतला. हा भरवसा कोणाला? ज्याला बंदूक साफ करायला वेळ नाही, शिक्षण बेताचं आहे, हात गारठले आहेत, त्याला. पहिलं उत्तर मिळालं. बाजूला ठेवा.

दिसण्यावर किती विसंबावं, याचा धडा मॉस्कोनं दिला. सप्टेंबर २०१७ मध्ये तिथे कलाश्निकोव्हचा पुतळा उभा राहिला. त्याच्या चौथऱ्यावर बंदुकीच्या सुट्या भागांचा आराखडा धातूत उठवला होता. काही दिवसांतच जाणकारांच्या लक्षात आलं की आराखडा एके-४७ चा नाही, तिच्याआधीच्या जर्मन श्टुर्मगेवेर-४४ चा आहे. कामगार आले, कटर चालवून त्यांनी तो तुकडा कापून काढला. बाहेरून दोघींचा घाट बहिणींसारखा, पण नळी मागून बंद करणारा बोल्ट एकीत कलतो आणि दुसरीत फिरतो. रूप सारखं, काम वेगळं. म्हणून आपण रूपावर थांबणार नाही. शरीर जिथे टेकतं तिथे जाऊ.

खांदा, गाल, मूठ, बोट, डोळा

उजव्या खांद्याच्या खळग्याकडे लक्ष न्या. हात थोडा पुढे उचललात की तिथे एक लहानसा खड्डा तयार होतो. बंदुकीचा दस्ता त्या खड्ड्यासाठी आहे. एकेएमचा दस्ता बर्च लाकडाचे पातळ थर एकमेकांना चिकटवून केलेला असतो. कडाक्याच्या थंडीत उघडं लोखंड कातडीला चिकटतं, उन्हात चटका देतं. लाकूड तसं करत नाही. नळीखाली डावा हात येतो तिथेही लाकूड आहे, कारण सलग गोळीबारानं नळी तापते.

आता गाल. नेम धरताना गाल दस्त्यावर टेकतो आणि डोळा एका ठरावीक उंचीवर येतो. १९५० च्या दशकात अमेरिकेत फेअरचाइल्ड या विमान कंपनीच्या आर्मालाइट विभागात यूजीन स्टोनर यांनी एआर-१५ ची रचना केली. पुढे तिचीच एम-१६ झाली. विमानांचं अॅल्युमिनियम आणि प्लॅस्टिक त्यांनी बंदुकीत आणलं. दस्ता नळीच्या अगदी सरळ रेषेत ठेवला, म्हणजे गोळीचा धक्का थेट खांद्यात जातो आणि नळी वर उसळत नाही. पण दस्ता सरळ केला की डोळा नळीच्या बराच वर येतो. मग नेम धरायची साधनं वर उचलावी लागली, आणि मागचं साधन ज्यात बसवलं त्याचा झाला उचलायचा दांडा. एम-१६ चं सगळं वेगळं रूप, तो पाठीवरचा दांडा, तो पुढचा उंच त्रिकोण, एका माणसाचा खांदा आणि त्याच माणसाचा डोळा यांच्यामधल्या अंतरातून निघालं आहे.

मूठ. इस्रायलच्या उझिएल गाल यांनी उझी या सबमशीनगनमध्ये काडतुसांचा डबा, म्हणजे मॅगझिन, मुठीतच बसवला. अंधारात नवं मॅगझिन भरायचं तर दिसायची गरज नाही. एक हात दुसऱ्या हाताला आपोआप सापडतो. आपलं नाव बंदुकीला देऊ नये अशी त्यांची विनंती होती. ती मान्य झाली नाही.

मुठीचं सर्वांत बारकाईनं केलेलं माप मात्र ग्लॉकमध्ये सापडतं. ऑस्ट्रियाच्या गास्टन ग्लॉक यांच्या कारखान्यात आधी पडद्यांच्या कांबी आणि सुऱ्या बनत. १९८२ मध्ये ऑस्ट्रियन सैन्यानं त्यांचं पिस्तूल स्वीकारलं. अंग प्लॅस्टिकचं, रूप ओबडधोबड, जवळजवळ चौकोनी. दाखवण्यासाठी एकही रेघ नाही. नंतरच्या पिढ्यांत मुठीवर बोटांसाठी खाचा आल्या. पण प्रत्येकाची बोटं त्या खाचांत बसेनात, कारण पंजे सारखे नसतात. पुढे मुठीच्या मागचा भाग लहानमोठा करण्यासाठी बदलते तुकडे दिले गेले, आणि २०१७ च्या पाचव्या पिढीत खाचा काढूनच टाकल्या. माणसाच्या हाताचा एवढा विचार किती वस्तूंमध्ये होतो?

थांबा. आपला उजवा तळवा उघडा. अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा पाहा, बोटांच्या पेरांमधल्या घड्या पाहा. या उंचवट्याचा, या घड्यांचा कोणीतरी कुठेतरी वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे.

बोट. एके-४७ च्या चापाभोवतीची कडी मोठी आहे, जाड हातमोज्यातलं बोट आत जावं म्हणून. उजव्या बाजूला लांब पोलादी पट्टी आहे. वर असेल तर बंदूक बंद, मध्ये असेल तर सलग गोळीबार, अगदी खाली असेल तर एकेक गोळी. याचं एक कारण असं सांगतात की घाबरलेला शिपाई पट्टी खाडकन शेवटपर्यंत ढकलतो, आणि तेव्हा त्याच्या हातून सगळं मॅगझिन एका दमात रिकामं होऊ नये. भीती वाटलेल्या माणसाच्या अंगठ्यालाही जागा ठेवलेली आहे.

डोळा. ऑस्ट्रियाच्या स्टायर ऑग रायफलचं मॅगझिन आरपार दिसणाऱ्या प्लॅस्टिकचं आहे, म्हणजे किती काडतुसं उरली ते बघता येतं. पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेनं आपल्या सैन्यासाठी घडवलेल्या इन्सास रायफलचं मॅगझिनही अर्धपारदर्शक. डोळ्याशेजारच्या चेहऱ्याचाही विचार आहे. बेल्जियमच्या पी-९० या बंदुकीत रिकामी टरफलं बाजूला न उडता खाली पडतात, म्हणून डावखुऱ्यालाही ती सोयीची. एम-१६ मध्ये गरम टरफल उजवीकडे उडतं, आणि डावखुऱ्याचा चेहरा नेमका तिथेच असतो. १९८० च्या दशकातल्या एम-१६ए२ मध्ये टरफल बाहेर पडायच्या झरोक्याच्या मागे बोटाच्या पेराएवढा एक उंचवटा आला. टरफल त्यावर आपटून पुढे उडतं. डावखुऱ्याच्या गालाला चटका बसू नये, एवढ्याच एका गोष्टीसाठी तो आहे.

ही काळजी चुकली तर गहजब होतो. व्हिएतनाममध्ये सुरुवातीच्या एम-१६ ऐन चकमकीत अडकू लागल्या. काडतुसातली दारू बदलली होती, आणि साफसफाईचं साहित्य अनेकांना दिलंच नव्हतं. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीनं त्याची चौकशी केली. कारगिलच्या थंडीत इन्सासची प्लॅस्टिक मॅगझिनं तडकल्याच्या तक्रारी आल्या आणि त्या वर्षानुवर्षं चर्चेत राहिल्या. हे योग्यच आहे. ज्याच्या हातात आपण बंदूक देतो, त्याला ती ऐनवेळी दगा देणार नाही, एवढं त्याचं देणं लागतोच.

आता जमलेली उत्तरं एकत्र करा. खांदा कोणाचा? धरणाऱ्याचा. गाल, मूठ, बोट, डोळा, डावखुऱ्याच्या गालावरची कातडी, भेदरलेल्याचा अंगठा? सगळं धरणाऱ्याचं. एका देहाची इतकी मापं एका वस्तूत क्वचितच भरलेली असतील.

पलीकडून

जागा बदला. मनातल्या मनात बंदुकीच्या मागून निघा, तिला वळसा घाला आणि समोर येऊन उभे राहा. भीती वाटली तर श्वासाकडे लक्ष द्या, पण उभे राहा.

इथून काय दिसतं? एक लहान गोल छिद्र. एकेएमच्या नळीच्या तोंडाशी तिरकी कापलेली एक टोपी दिसते. इथे तरी समोरच्याचा काही विचार असेल, असं वाटतं. पण ती टोपीही मागच्यासाठीच आहे. बाहेर पडणारा वायू त्या तिरक्या कापावर दाब देतो आणि नळी वर, उजवीकडे उसळू देत नाही. अगदी तोंडापाशीही खांद्याचीच सोय.

समोरच्या माणसाचा उल्लेख या बंदुकीवर कुठेच नाही का? एका ठिकाणी आहे. मागच्या नेमाच्या पट्टीवर अंतराचे आकडे कोरलेले असतात, शंभर मीटरपासून पुढे. आणि सोव्हिएत लष्कराच्या माहितीपुस्तकात एकेएमच्या सरळ पल्ल्याचे दोन आकडे दिलेले आहेत: छातीपर्यंत दिसणाऱ्या आकृतीसाठी ३५० मीटर, धावत्या आकृतीसाठी ५२५ मीटर. मागे उभा आहे त्याच्या बोटाच्या पेरापर्यंतचा तपशील, आणि समोर उभा आहे तो आकृती. उंची आणि अंतर, एवढंच त्याचं माप.

इथे जरा जास्त वेळ थांबा. राग आणायची गरज नाही. कारागीर दुष्ट होते म्हणून असं झालेलं नाही. बंदूक हेच करण्यासाठी असते. समोरच्याचं माप घ्यायला लागली तर ती चालणार नाही. नुसतं पाहा की हा घाट अर्ध्या प्रसंगाचा आहे. उरलेल्या अर्ध्या प्रसंगाला त्यात आकार नाही.

एकच लहान अपवाद आहे, आणि तो बंदुकीत नाही, गोळीत आहे. १८६८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला जमलेल्या देशांनी ठरवलं की चारशे ग्रॅमपेक्षा हलक्या गोळ्यांमध्ये स्फोटक भरायचं नाही. पुढे कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात ब्रिटिशांनी शरीरात शिरल्यावर पसरणारी गोळी केली. तिच्या जखमा पाहून १८९९ मध्ये हेगच्या परिषदेनं शरीरात सहज पसरणाऱ्या, चपट्या होणाऱ्या गोळ्यांवर बंदी घातली. आज सैनिकांच्या काडतुसात टोकापर्यंत धातूचं वेष्टण असलेली गोळी असते, तिच्यामागे तो करार आहे. समोरच्या माणसालाही शरीर आहे, हे त्या टोकाशी कोणीतरी लिहून ठेवलं. लिहिणारे बंदुका घडवणारे नव्हते. टेबलाभोवती बसून वाद घालणारी माणसं होती.

नळीवर हात

आता त्या छायाचित्रातल्या सावलीकडे चला. सांगितलं होतं तसं, वेगळ्या वाटेनं.

हल्ल्याच्या त्या रात्री मुंबईत पोलिसांच्या हातात जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली होत्या, कित्येकांकडे नुसत्या काठ्या. त्यांच्याकडे बरी शस्त्रं का नव्हती, हा प्रश्न नंतर महाराष्ट्रानं विचारला आणि तो रास्त होता. पुढच्याच वर्षी फोर्स वन हे पोलिसांचं कमांडो पथक उभं राहिलं. म्हणून या मननातून ‘बंदुका नकोत’ असा सोपा निष्कर्ष काढू नका. ज्याच्याकडे ती नव्हती त्यानं काय सोसलं, ते आपण पाहिलं आहे.

गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे काठी घेऊन उभे होते. सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे, आधी सैन्यात राहिलेले. बंदूक म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. गाडीतून उतरलेल्या हल्लेखोराच्या एके-४७ ची नळी त्यांनी हातांनी धरली. गोळ्या त्यांच्या शरीरात शिरत राहिल्या आणि त्यांनी नळी सोडली नाही. तेवढ्या वेळात सहकाऱ्यांनी त्या हल्लेखोराला, कसाबला, जिवंत पकडलं. २००९ मध्ये ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

आपण बंदुकीचा एकेक भाग पाहिला आहे, म्हणून हे आता अधिक नेमकं दिसेल. त्या बंदुकीवर हात ठेवायच्या जागा ठरलेल्या होत्या: मूठ, आणि नळीखालचं लाकूड. लाकूड जिथे संपतं त्याच्या पुढे कोणाचाही हात येईल, असं कोणी धरलेलं नव्हतं. तिथे पोलाद उघडं असतं आणि तापतं. ओंबळे यांचा हात नेमका तिथे गेला. ज्याचं माप या वस्तूत नव्हतं, त्यानं स्वतःच्या तळहातांनी आपलं माप तिच्यावर ठेवलं. त्या क्षणी समोर आकृती नव्हती. माणूस होता, आणि तो पकडून होता.

इथे थांबा. लागेल तेवढा वेळ थांबा.

खुर्ची

मोझांबिकमध्ये १९७७ ते १९९२ यादवी युद्ध चाललं. देशात एकही बंदूक बनत नव्हती. सगळ्या बाहेरून आलेल्या. १९९५ मध्ये बिशप दिनिश सेंगुलाने यांनी मोहीम सुरू केली: पुरलेल्या, लपवलेल्या बंदुका आणून द्या आणि बदल्यात शिवणयंत्र, सायकल, नांगर, शेतीची अवजारं न्या. जमलेल्या बंदुका कापून निकामी केल्या आणि तुकडे कलावंतांना दिले. त्यांतून केस्टर या शिल्पकारानं २००१ मध्ये एक खुर्ची जोडली. ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आपल्याकडे खंडेनवमीला कोयता, करवत आणि बंदूक एकाच पाटावर झेंडूच्या फुलांत बसतात. हत्यार आणि अवजार यांच्यातलं अंतर आपण एक दिवस पुसतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आखतो. केस्टरनं ते अंतर कायमचं कापून टाकलं. त्याची खुर्ची मनात आणा. पाय बंदुकांचे, हात बंदुकांचे. पाठीच्या वरच्या टोकाला दोन दस्ते उभे आहेत. त्यांच्यावरची स्क्रूची भोकं आणि पट्ट्याची खाच डोळ्यांसारखी, तोंडासारखी दिसते, आणि दोन्ही दस्ते हसल्यासारखे वाटतात. केस्टरनं ते चेहरे कोरलेले नाहीत. ते दस्त्यांवर आधीपासून होते, त्यानं फक्त ओळखले.

दस्त्याकडे पुन्हा लक्ष द्या. हा तोच भाग, जो एका खांद्याच्या खळग्यासाठी घडवला होता. खुर्चीत तो पाठीमागे आहे, आणि पाठ कोणाचीही असू शकते. खांद्याचं माप घेतलेली वस्तू आता कोणाला टेकायला देईल ते ठरलेलं नाही. घाट बदलला नाही, कापून फक्त फिरवला. एवढ्यानं तो दुसऱ्या माणसाला मोकळा झाला.

बोटावरचं काम

कलाश्निकोव्ह डिसेंबर २०१३ मध्ये इझेव्स्कमध्ये वारला. जर्मन आक्रमकांपासून देश वाचवण्यासाठी आपण बंदूक केली, असं तो आयुष्यभर सांगत राहिला, आणि शेतकऱ्यांच्या कामी येणारं एखादं यंत्र, गवत कापण्याचं यंत्र, केलं असतं तर बरं झालं असतं असंही एकदा म्हणाला. अखेरच्या वर्षांत त्यानं रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख किरील यांना पत्र लिहिलं. आपल्या बंदुकीनं माणसं मेली, मग त्यांच्या मृत्यूचा दोष आपल्यावर येतो का, ते शत्रू असले तरी? पत्रातला प्रश्न असा होता. शस्त्र मातृभूमीच्या रक्षणासाठी असेल तर चर्च ते घडवणाऱ्यांच्या आणि वापरणाऱ्यांच्या पाठीशी असतं, अशी चर्चची भूमिका. कोणतं उत्तर बरोबर, ते ठरवायला आपण बसलेलो नाही. पण त्या वृद्धाचा प्रश्न कुठून आला ते आता समजू शकतं. ज्यानं आयुष्यभर एका देहाची मापं घेतली, तो शेवटी दुसऱ्या देहाची चौकशी करत होता. त्याच्या आराखड्यात त्यासाठी जागा नव्हती, म्हणून पत्रात करत होता.

पुण्यात आजही हे काम चालू आहे. २०२१ मध्ये एआरडीई आणि महूच्या इन्फन्ट्री स्कूलनं मिळून अस्मी हे मशीन पिस्तूल पुढे आणलं. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांच्या कल्पनेतलं, चापाचे काही भाग धातूच्या थ्री-डी छपाईनं केलेलं. त्याचं वजन किती, मूठ कशी, एका हातानं पेलतं का, हे सगळं विचारलं जाईल आणि विचारलंच पाहिजे. जिला रात्री गस्तीवर जायचं आहे, ज्याला उंचावरच्या चौकीत थंडीत उभं राहायचं आहे, त्यांच्या मनगटाचा विचार कोणीतरी करतंय, ही चांगली गोष्ट आहे.

आता शेवटची पायरी. ग्लॉकच्या चापाकडे एकदा नीट पाहा. त्या पिस्तुलावर बंद-उघड करायची बाहेरची कळ नाही. चापाच्या मधोमध एक लहान पातळ पट्टी आहे. बोट चापावर नीट ठेवलं तरच ती दबते आणि मग चाप मागे जातो. म्हणजे सुरक्षेची ती किल्ली बोटाखालीच ठेवली आहे. घाट कसाही घडवा, मूठ कितीही नेमकी करा, अखेर सगळं एका बोटाच्या निर्णयावर येतं.

त्या बोटाला समोरच्याचं माप घ्यावं लागतं: तो लढतोय की शरण आलाय, त्याच्या मागे कोण आहे, गोळीशिवाय दुसरा मार्ग उरलाय का. ही मापं घेणारी बंदूक कोणी केलेली नाही. ती शिपायाला शिकवावी लागतात, कायद्यात लिहावी लागतात, न्यायालयात तपासावी लागतात. हेगच्या टेबलाभोवती बसलेल्यांनी गोळीच्या टोकापुरतं ते केलं. उरलेलं काम बोटाचं आहे, आणि ते बोट ज्यांच्या नावानं चापावर ठेवलं जातं, त्या आपल्या सगळ्यांचं. घडवणाऱ्यानं आपलं अर्धं काम कमालीच्या काळजीनं केलं आहे. दुसरं अर्धं आपण तितक्याच काळजीनं करतो आहोत का, हा प्रश्न घेऊन उठा.